खाली काय टाकू, साहेब?

घरात मासे पाळायचं ठरलं की माशांवरून भांडण होत नाही. कोणते आणि किती, हा प्रश्न मुलं दुकानाच्या काचेला नाक लावून परस्पर निकालात काढतात. टाकी केवढी, हे दिवाणखान्यातला एकमेव मोकळा कोपरा ठरवतो. पंप कोणता, हे दुकानदार ठरवतो, कारण त्याच्याकडे एकाच कंपनीचा असतो. सगळं इतकं सुरळीत चाललेलं असताना तो कानावरचं पेन काढतो आणि विचारतो, "खाली काय टाकू, साहेब?" आणि आपल्या घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मत आहे, हा शोध कुटुंबाला तिथे, भर गर्दीत लागतो.

खाली म्हणजे तळाला, आणि तळाला म्हणजे खडे. कुर्ल्याचा मासेबाजार असो की क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, खड्यांची पाकिटं भिंतभर टांगलेली असतात. निळा, जास्त निळा, पोपटी, गुलाबी, जांभळा, केशरी, पांढराशुभ्र, काळाकुळकुळीत आणि 'मिक्स'. दगड निसर्गात ज्या रंगांचे असतात, तेवढेच नेमके त्या भिंतीवर नसतात. ते गोणीत भरून मागच्या बाजूला झाडूशेजारी ठेवलेले असतात, आणि गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारल्याशिवाय दुकानदार त्यांचं नाव काढत नाही.

चर्चा साधारण अशी होते.

"निळा द्या," बाबा म्हणतात. "समुद्राचा फील येतो."

"आपला सोफा मरून आहे," आई म्हणते. "निळा अंगावर येईल."

"गुलाबी! मला गुलाबीच!" मुलगी म्हणते.

"आणि मासे मुलगे निघाले तर?" तिचा भाऊ विचारतो. त्याला एक चापट बसते.

आजोबाही सोबत असतात, कारण रविवारी त्यांना एकट्याला घरी ठेवायचं नाही असं ठरलेलं असतं. ते म्हणतात, "अरे, साधी वाळू टाका. नदीत काय असतं?"

त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दुकानात शिरल्यापासून माशांविषयी कोणी काढलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य असतं. बाकी सगळे सोफा, पडदे, भिंत आणि दिवाळीला येणारे पाहुणे यांच्याविषयी बोलत असतात.

लोकांच्या घरी गेलं की चहा येईपर्यंत टाकीचा तळ बघत बसायची मला सवय लागली आहे. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. टाकीतल्या माशांवरून घराविषयी काही कळत नाही, पण खड्यांवरून बरंच कळतं.

निळे खडे टाकणारे लोक मनाने समुद्राकाठी राहतात. त्यांच्या टाकीला मागून प्रवाळाचं पोस्टर चिकटवलेलं असतं. तळाशी ठरावीक वेळाने झाकण उघडून बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा असतो, शेजारी पाणबुड्या उभा असतो, आणि या सगळ्यातून एक गोल्ड फिश फिरत असतो. गोल्ड फिशचा समुद्राशी कुठल्याही पिढीत संबंध आलेला नाही. तो गोड्या पाण्यातला, रोहू-कटल्याच्या कुळातला. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तळ्यातल्या साध्या करड्या माशांतून अधूनमधून निपजणारे लालपिवळे वेगळे काढून त्यांची पैदास सुरू झाली, आणि पुढची कित्येक शतकं लोक त्यांना तळ्यात नाहीतर चिनी मातीच्या मोठ्या भांड्यात ठेवून वरून बघत आले. खऱ्या समुद्रात सोडला तर हा मासा जगायचा नाही. निळ्या खड्यांवर जगतो, एवढंच. फील येतो तो आपल्याला.

तसा समुद्राचा तळ निळा असतो, असंही नाही. निळं दिसतं ते पाणी. तळ वाळूचा, चिखलाचा नाहीतर खडकाचा. मुंबईकराच्या नशिबी तर निळं पाणीही नाही. दादरच्या चौपाटीवर उभं राहून समोरचा समुद्र निळा आहे असं सांगणाऱ्या माणसाने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. ही निळाई आमच्या डोक्यात बहुधा मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयातून आली असावी. 1951 साली ते सुरू झालं, आणि त्यानंतर मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत रांगेत उभं राहून, पुढच्याच्या डोक्यावरून, आयुष्यातला पहिला रंगीत मासा तिथेच पाहिला. कारण काहीही असो, दुकानदाराचं मत पक्कं असतं. "ब्लू फास्ट जातो, साहेब. डोळे झाकून घ्या." डोळे झाकून रंग घेण्याचा हा सल्ला बरेच जण मानतात.

पांढरे खडे टाकणारी घरं वेगळी. तिथे चपला बाहेर काढायच्या असतात आणि रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. पांढरा तळ स्वच्छ दिसतो, हे त्यांचं म्हणणं. दिसतो खरा, पहिल्या दिवशी. मासा हा खाल्ल्यावर फार वेळ न दवडता मोकळा होणारा प्राणी आहे, आणि पांढऱ्या तळावर त्याचं कर्तृत्व दारातूनही वाचता येतं. संध्याकाळी सगळे टाकीसमोर बसतात ते मासे बघायला नव्हे. "अहो, परत केली बघा त्याने," असं कोणीतरी म्हणतं, आणि कोणीतरी नळी घेऊन उठतं. ज्या छंदाने रक्तदाब उतरतो असं डॉक्टर सांगतात, त्या छंदाने या घरांतला रक्तदाब चढतो.

पांढऱ्या खड्यांची आणखी एक गंमत आहे. स्वस्तातले पांढरे खडे बऱ्याचदा संगमरवराची चिप असतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळतं, पाण्यातले क्षार वाढतात आणि पीएच वर सरकतो. मॉलीला, गप्पीला ते चालतं. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांतल्या सिक्लिड माशांना तर तसंच पाणी लागतं. पण ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातून आलेल्या टेट्राला ते मानवत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे. फसफसला तर समजायचं, हा पाण्यात ढवळाढवळ करणार. अडचण एवढीच, की ही परीक्षा दुकानात घ्यावी लागते. खिशातून व्हिनेगरची बाटली काढणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही, आणि सोबत आलेल्या बायकोला त्याहून नाही.

काळे खडे घेणारा अभ्यास करून आलेला असतो. त्याने रात्री जागून व्हिडिओ पाहिलेले असतात. तो दुकानदाराला 'कॉन्ट्रास्ट' समजावून सांगतो, आणि दुकानदार हातातलं जाळं न सोडता ऐकून घेतो. काळ्यावर मासे उठून दिसतात, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त कधी कधी खडे बाबा आणतात आणि मासे मुलगा आणतो, आणि मुलाला नेमकी ब्लॅक मॉली आवडते. मग त्या घरात रोज दिवेलागणीला हजेरी होते. पाच मोजून होतात. सहावी एकतर झाडामागे आहे, नाहीतर आता नाही.

उरला तो 'मिक्स'. हा रंग नव्हे, हा तह आहे. निळा बाबांचा, पांढरा आईचा, गुलाबी मुलीचा. प्रत्येकाचं मत राखायचं आणि कोणाचंच मन राखायचं नाही, असं ठरलं की मिक्सचं पाकीट खाली उतरतं. आघाड्यांची सरकारं पाहून सरावलेल्या महाराष्ट्राला यात वावगं काही वाटत नाही. या टाकीत मासा मात्र शोधावा लागतो. तळाचाच एवढा गलबला असतो की मधून जाणारा लाल जीव हा मासा आहे की उडालेला खडा, हे तो वळेपर्यंत कळत नाही.

रंगाचा तह झाला की दुकानदार दुसरा प्रश्न टाकतो. किती? "दोन किलो पुरे ना?" असं विचारणाऱ्याला त्याने चेहरा निर्विकार ठेवून हिशेब सांगावा. टाकी 2 फूट लांब आणि 1 फूट रुंद, थर 2 इंचांचा. म्हणजे 60 गुणिले 30 गुणिले 5 सेंटिमीटर, 9 लिटर जागा. लिटरभर खडे साधारण दीड किलो भरतात. आकडा 13-14 किलोंवर जातो. आतापर्यंत रंगावर भांडणारं कुटुंब यानंतर वजनावर एकजूट होतं आणि रिक्षा कोण शोधणार यावर पुन्हा फुटतं.

घरी आणल्यावर खडे धुवायचे असतात. धुणं तांदळासारखंच. पाणी घालायचं, हात फिरवायचा, गढूळ पाणी ओतून द्यायचं. फरक इतकाच, की तांदूळ तिसऱ्या पाण्याला स्वच्छ होतात आणि खडे रविवार संपला तरी होत नाहीत. चांगल्या प्रतीच्या खड्यावर रंगाचा थर पक्का बसवलेला असतो, तो सुटत नाही. हलक्या खड्यावर रंग नुसता फासलेला असतो, आणि तो आधी बादलीला, मग हाताला, मग न्हाणीघराच्या फरशीला लागतो. माझ्या ओळखीच्या एका घरी असे खडे धुता धुता शेवटी आतला मूळ दगड निघाला. करडा, तपकिरी, कुठे थोडा पिवळसर. टाकीसाठी याहून चांगला दगड त्यांना शोधूनही मिळाला नसता. "फसवलं आपल्याला," म्हणून त्यांनी तो परत केला.

आता प्रश्न असा, की ज्याच्यासाठी हे चाललं आहे त्याला यातलं काही दिसतं का? माशांना रंग कळतात की नाही, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत चांगलीच जुंपली होती. कार्ल फॉन हेस हे म्युनिकचे बडे नेत्रतज्ज्ञ. मासे ठार रंगांध असतात, हे त्यांचं मत. कार्ल फॉन फ्रिश हे तेव्हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ. मिनो नावाचा छोटा मासा खालचा तळ बदलला की अंगाचा रंग बदलतो, हे त्यांनी पाहिलं होतं. दिसतच नसेल तर तो बदलतो कशाच्या जोरावर? फ्रिश यांनी माशांना एका ठरावीक रंगाबरोबर खाणं द्यायची सवय लावली. मग शेजारी करड्या रंगाच्या हव्या तेवढ्या छटा मांडून ठेवल्या तरी मासे आपल्या रंगाकडेच धावायला लागले. हेससाहेबांना ते पटलं नाही ते नाहीच. थोर माणसाला माशापुढे हार मानणं जड जातं. फ्रिश पुढे मधमाश्यांकडे वळले आणि 1973 साली नोबेलपर्यंत पोहोचले.

आज आपल्याला ठाऊक आहे, की गोल्ड फिशच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात. आपल्या तीनच. लाल, हिरवा, निळा हे आपले तिघं त्याच्याकडे आहेतच, शिवाय आपल्याला न दिसणारे अतिनील किरण ओळखणारा चौथा आहे. म्हणजे दुकानात दोन पाकिटं उजेडात धरून "हा जरा जास्त ब्राइट आहे का गं?" असं विचारणारा प्राणी रंगांच्या बाबतीत तिथला कमी शिकलेला प्राणी आहे. जास्त शिकलेला पिशवीत पाणी भरून, रबरबँड लावून, काउंटरवर ठेवलेला आहे, आणि त्याला कोणी विचारत नाही.

विचारलं नाही तरी तो सांगतो. अंगावर लिहून सांगतो. माशाच्या त्वचेत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात, मेलॅनोफोर. त्यांतले रंगाचे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की मासा फिका दिसतो, पेशीभर पसरले की गडद. कणांनी काय करायचं हे डोळे ठरवतात. वरून किती उजेड येतो आणि तळावर आपटून किती परत येतो, याचं प्रमाण मासा सतत जोखत असतो. तळ पांढरा असेल तर फिकं व्हायचं, काळा असेल तर गडद. वर टपून बसलेल्या खंड्याला किंवा बगळ्याला आपण दिसू नये, एवढाच माफक हेतू. हे काही मिनिटांतही घडू शकतं. आणि तळ कायम तोच राहिला तर आठवडे जातील तशी त्या रंगपेशींची संख्याच कमीजास्त होते. फ्रान्सिस समनर या शास्त्रज्ञांनी तर चपटे मासे, म्हणजे आपल्या बाजारातल्या लेपाचे लांबचे भाऊबंद, काळ्यापांढऱ्या चौकटींच्या तळावर ठेवून पाहिले. आपले प्रयोग त्यांनी 1911 साली प्रसिद्ध केले. माशांनी जमेल तेवढ्या चौकटी अंगावर उठवून दाखवल्या होत्या. भाड्याच्या घरात फरशी आवडली नाही तर माणूस अकरा महिने कुरकुरतो. मासा स्वतःच फरशी होतो.

या गुणाचा सगळ्यात मोठा फटका निऑन टेट्राला बसतो. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, पानं कुजून काळपट तपकिरी झालेल्या पाण्यातला चिमुकला मासा. 1936 साली त्याचं शास्त्रीय नामकरण झालं, आणि अंगावरच्या निळ्यालाल झळाळीमुळे त्याला निऑन म्हणायला लागले. ती झळाळी बघूनच लोक त्याला घेतात, घरी आणतात आणि पांढऱ्याफेक खड्यांवर सोडतात. मासा खाली बघतो, वर बघतो, आणि निमूटपणे फिका पडतो. मग दुकानदाराला फोन जातो.

"भाऊ, तुमच्याकडे होता तेव्हा केवढा चमकत होता!"

"कलर फूड देतो ना, साहेब. या रविवारी."

मासा फिका करणारं पाकीट त्याच दुकानातलं आणि गडद करणारंही त्याच दुकानातलं. रंग उठून दिसावा म्हणून माणूस चकचकीत तळ विकत घेतो, आणि त्या तळावर मासा आपला रंग आवरता घेतो. या व्यवहारात रंग वाढतो तो फक्त दुकानाच्या पाटीचा.

माशाची आणखी एक तक्रार असते, ती मापाची. गोल्ड फिश दिवसभर तळ उचकतो. खडा तोंडात घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा, पुढचा घ्यायचा. नको त्या मापाचा खडा घशात अडकतो. कोरिडोरास नावाचा मिशीवाला छोटा मासा वाळू तोंडातून आत घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो, आणि धारदार खडीवर त्याच्या मिशा झिजतात. पण "हे त्याच्या मिशांना लागणार नाही ना?" असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. झिजलेली मिशी सोफ्यावरून दिसत नाही.

वास्तुवाल्यांना यातलं काहीच मंजूर नसतं. त्यांच्या हिशेबात आठ सोनेरी मासे आणि एक काळा, हे आधी ठरलेलं असतं. खड्यांचा रंग दिशेवरून निघतो, आणि दिशा त्यांच्या फीमध्ये धरलेली असते. मासा मेला तर घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, असं समजून नवा आणायचा. संकटं अशी भराभर टळत गेली की घरचे सुखावतात. पाणी बदलायचं राहिलं असेल, हा संशय कोणाला शिवत नाही.

मग बरोबर रंग तरी कोणता? उत्तर दुकानाच्या मागच्या बाजूला, गोणीत आहे. मातकट. बहुतेक माशांच्या मूळ गावी तळ असतो तो गाळाचा, वाळूचा, कुजक्या पानांचा, नदीतल्या गोट्यांचा. तपकिरी, करडा, काळपट. अशा तळावर मासा बिनधास्त फिरतो आणि रंग दाखवतो. हे उत्तर इतकं सोपं आहे की ते विकता येत नाही. जे अंगणात पडलेलं दिसतं त्यासाठी पाकीट उघडायला माणसाचा हात धजत नाही.

ही अडचण सोडवली ती ताकाशी अमानो या जपानी गृहस्थांनी. निईगाताचे, 1954 साली जन्मलेले, पेशाने छायाचित्रकार. त्यांनी टाकीतले पेटारे, पाणबुडे, पडके रोमन खांब आणि रंगीत खडे हद्दपार केले. दगड, ओंडके आणि झाडं एवढ्यावर पाण्याखालची निसर्गदृश्यं उभी केली. झाडांच्या मुळाशी भाजलेल्या मातीचे काळपट तपकिरी दाणे घातले. जग बघत राहिलं. 2015 साली ते गेले तोवर त्यांच्या पद्धतीच्या स्पर्धा भरत होत्या आणि तशी माती पिशव्यांत भरून देशोदेशी जात होती. आपल्याकडेही येते. किंमत ऐकून माणूस आधी पिशवीकडे बघतो, मग गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीकडे. पण घेतो. पिशवीवर जपानी अक्षरं असतात.

जर्मन शौकीन याबाबतीत आधीपासून तयार होते. 1980 च्या दशकात त्यांच्याकडे झाडांच्या टाकीसाठी तळाच्या थरात लॅटराइट मिसळायची रीत रूढ झाली. त्यात लोह भरपूर, म्हणून झाडं जोमात. लॅटराइट म्हणजे आपला जांभा. रत्नागिरीकडे ज्याच्या भिंती रचतात, गणपतीला गावी जाऊन आलेल्या माणसाच्या पांढऱ्या पायजम्यावरून जो ओळखू येतो, तो. हे परदेशात पुड्या बांधून विकतात, असं कोकणातल्या एखाद्या आजोबांना सांगून बघावं. ते आधी तुमच्याकडे बघतील, मग अंगणाकडे, आणि गुंठ्याचा भाव वाढवून सांगतील.

सोसायटीतल्या देशी बदामाची कथा तीच. त्याची लाल झालेली पानं गळतात, वॉचमन रोज ढीग करतो, आणि झाड तोडावं असा ठराव दर वार्षिक सभेत येतो. तीच पानं वाळवून, गठ्ठे बांधून ऑनलाइन विकली जातात, कारण टाकीत टाकली की पाण्याला तपकिरी झाक येते आणि फायटर माशाला, टेट्राला तसं पाणी मानवतं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ ती मागवतात. कुरियरवाला त्याच झाडाखाली स्कूटर लावतो आणि पाकीट वर नेऊन देतो. हेच गृहस्थ सभेत ठरावाला अनुमोदन देतात.

काळा तळच हवा असेल तर तोही आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. व्हिनेगरला दाद देत नाही, पाण्याच्या भानगडीत पडत नाही. जगातल्या मोठ्यात मोठ्या लाव्हा-पठारांपैकी एकावर बसून आपण काळा रंग फासलेला दगड पाकिटातून विकत घेतो. अर्थात नदीवर जाऊन वाळू भरून आणा, असंही कोणाला सुचवायची सोय नाही. महाराष्ट्रात वाळू म्हटली की तलाठी, तहसीलदार आणि रात्रीचे डंपर आठवतात. मांडीवर वाळूची पिशवी घेऊन एसटीत बसलेल्या माणसाला शेजारचा हमखास विचारतो, "बांधकाम काढलंय वाटतं?" माशांसाठी नेतोय म्हटलं तर त्याचा संशय आणखी वाढतो.

या सगळ्याचा कळस मी एका टोलेजंग इमारतीतल्या घरात पाहिला. गुलाबी खड्यांवर झेब्रा लोच. ही कृष्णेच्या खोऱ्यातली, पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नैसर्गिकपणे न सापडणारी. फिकट अंगावर बारीक गडद पट्टे, नदीतल्या गोट्यांमध्ये बसली तर शेजारून जाणाऱ्यालाही दिसू नये म्हणून. टाक्यांसाठी नदीतून पकडून पकडून ती आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत जाऊन बसली आहे. इथे ती गुलाबी तळावर लपायला जागा शोधत होती आणि विसाव्या मजल्यावरून स्पष्ट दिसत होती. मालक अभिमानाने म्हणाले, "इम्पोर्टेड आहे."

तर, कोणाचं काहीही ऐकून कोणताही रंग घ्या. टाकी लावून काही आठवडे झाले की खड्यांवर एक तपकिरी थर धरायला लागतो. हे डायटम. सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीत न बोलावता येणारं. निळा, गुलाबी, पांढरा, मिक्स असा भेदभाव ते करत नाही. सगळ्या खड्यांना ते एकाच रंगावर आणतं, आणि तो रंग आपण दुकानात नाकारलेला असतो.

घर हादरतं. खडे बाहेर निघतात, बादलीत पडतात, नळाखाली ब्रशने घासले जातात. या घासाघाशीत माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू, जे नुकते कुठे खड्यांवर वस्तीला आले होते, तेही नळाच्या क्लोरीनबरोबर मोरीत जातात. पाणी गढुळतं, मासे वर येऊन हवा गिळायला लागतात, आणि खडे मात्र नव्यासारखे चमकतात. जाणते लोक सांगतात, हात लावू नका. हा थर बहुतेक वेळा आपला आपण ओसरतो. थोडा राहिला तरी मासे हरकत घेत नाहीत. उलट तळाची चकाकी मेली की ते मोकळे होतात, मध्यावर येतात आणि ज्यासाठी पैसे मोजले होते तो रंग दाखवायला लागतात.

हरकत घेतात ते पाहुणे. चहाचा कप हातात घेऊन ते टाकीपाशी वाकतात आणि म्हणतात, "खडे जुने झाले वाटतं?" अशा वेळी ओशाळायचं कारण नाही. "छे हो, हा रंगच तसा. जपानी आहे," असं सांगायचं. पाहुणे आणखी वाकून बघतात, मान डोलावतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "किलोला काय पडला?" इथे काटकसर करू नये. आकडा चांगला दणदणीत सांगावा, नाहीतर त्यांना तो रंग आवडणार नाही.